चोवीस मापं

प्रणिता उमरीकरने आयुष्यात जेवढे फॉर्म भरले, त्या प्रत्येकात मोबाइल नंबरच्या रकान्यात तिने उदयचा नंबर लिहिला होता. गॅसच्या जोडणीला तोच, ओवीच्या शाळेत तोच, तिच्या स्वतःच्या पगाराच्या खात्यालाही तोच. लग्नाआधी त्या रकान्यात वडिलांचा नंबर असे. लग्नानंतर हात आपोआप उदयच्या आकड्यांकडे वळला, इतकंच. ती काही अडाणी बाई नव्हती. जालन्याच्या महापालिकेत पाणीपुरवठा विभागाची कनिष्ठ अभियंता होती, कोणत्या वस्तीला किती तास पाणी सोडायचं याचं वेळापत्रक ती बनवत असे आणि तिच्या सहीशिवाय शहरातला एकही व्हॉल्व्ह फिरत नसे. तरीही संभाजीनगरच्या कर्करोग रुग्णालयात ‘रुग्णाचा पालक’ अशा मथळ्याखाली तिला नंबर विचारला, तेव्हा तिने क्षणभरही न थांबता उदयचा सांगितला.

तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली होती. वय एकेचाळीस. शस्त्रक्रिया झाली होती, पण गाठीचे काही अंश आत राहिले होते आणि आता केमोचे सहा डोस घ्यायचे होते, दर तीन आठवड्यांनी एक. तिच्या डॉक्टर नाझनीन कादरी यांना औषधांच्या चिठ्ठीमागे चित्रं काढून समजावण्याची सवय होती. पहिल्याच भेटीत त्यांनी एक घोडा काढला. घोडा बरा नव्हता, त्याचे कान सशासारखे झाले होते. पण त्यांनी सांगितलेली गोष्ट प्रणिताच्या लक्षात राहिली.

केमोचं औषध एकच खूण ओळखतं: भराभर दुभंगणारी पेशी. गाठीतल्या पेशी भराभर दुभंगतात, म्हणून त्या मरतात. पण आपल्या हाडांच्या पोकळीत मऊ मगज असतो आणि तिथे दर सेकंदाला वीस लाखांवर तांबड्या पेशी जन्माला येतात. तोही भराभर चालणारा कारखाना. औषध त्यालाही सोडत नाही. तांबड्या पेशी म्हणजे प्राणवायू वाहून नेणारे हमाल. ते कमी झाले की माणूस दोन पायऱ्या चढून धापा टाकतो, बोलता बोलता डोळे मिटतो. घरचे लोक मग बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे असं काय काय पुढे करतात. पण कारखान्याची यंत्रंच बंद पडलेली असताना कच्चा माल ओतून काय होणार? रक्त फारच पातळ झालं की डॉक्टर पुढचा डोस लांबवतात. आणि डोस लांबला की मरायला टेकलेल्या गाठीला उसंत मिळते.

आता घोडा. घोडा उभा असतो तेव्हा त्याच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा मोठा साठा निवांत पडलेला असतो. घोडा दौडायला लागला, की ती प्लीहा मुठीसारखी आवळते आणि सगळा साठा रक्तात येतो. माणसाची प्लीहा या बाबतीत फार कंजूष. म्हणून डॉक्टरांनी माणसाला दुसरी, मऊ रबरासारखी प्लीहा शिवून द्यायची युक्ती काढली होती. केमो सुरू होण्याआधी रुग्णाच्या मगजातल्या मूळ पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यापासून तांबड्या पेशी वाढवायच्या, त्यांना एका विशिष्ट साखरेचा लेप देऊन निजवायचं आणि डाव्या बरगडीखाली बसवलेल्या पिशवीत भरून ठेवायचं. पिशवीला संत्र्याच्या फोडींसारखे चोवीस कप्पे. एक कप्पा म्हणजे एक माप. प्रत्येक डोसानंतर रक्त उतरायला लागलं, की पिशवी आपली आपण चार मापं उघडणार. सहा डोस, चोवीस मापं.

“पण नीट ऐका,” डॉक्टर कादरी म्हणाल्या. “या निजलेल्या पेशी एकदा जाग्या झाल्या, की आठच दिवस जगतात. आणि पिशवी पुन्हा भरता येत नाही. केमो सुरू झाल्यावर मगजातून घ्यायला काही उरत नाही.”

मग त्यांनी पालकाचं काम सांगितलं. अपघात झाला, अचानक रक्तस्राव झाला, रुग्ण बेशुद्ध पडला, तर एखादं माप तातडीने उघडावं लागतं. बेशुद्ध माणूस स्वतः काय करणार? म्हणून ती सोय पालकाच्या फोनवर. फोनवर आकडे येतात, ते दाबले की माप उघडतं. उदय सगळं वहीत लिहून घेत होता. तो बियाण्यांच्या कंपनीत गुणवत्ता तपासनीस होता, नीटनेटका माणूस. त्याने दोनदा विचारलं, की चुकून हात लागून माप उघडणार नाही ना.

पहिले दोन डोस सुरळीत गेले. केस गेले, तोंडाची चव गेली. पण उतरलेलं रक्त पिशवीने सावरून धरलं. सासूबाई विजयाबाई रोज दुपारी काशाच्या वाटीने तिचे तळपाय घासून देत. धाकटी नणंद ऋतुजा पुण्याहून रोज फोन करी. लोक म्हणायचे, माणसं चांगली मिळाली बाईला. आणि ते खोटं नव्हतं.

पहिलं जादा माप प्रणितानेच मागितलं, हे इथे सांगितलं पाहिजे. ओवीचा दहावा वाढदिवस होता. बारा पोरी घरी येणार होत्या आणि प्रणिताला नुसतं पलंगावरून टाळ्या वाजवायचं जिवावर आलं होतं. तिने उदयला विचारलं, एक घेऊ का? त्याने आकडे दाबले. पंधरा मिनिटांत तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या आणि पांढरी पडलेली नखं गुलाबी दिसायला लागली. त्या संध्याकाळी ती बारा पोरींबरोबर संगीतखुर्ची खेळली. विजयाबाईंनी तिच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. उदय नुसता बघत उभा राहिला. त्याची बायको त्याला परत मिळाली होती. डॉक्टर कादरींना फोनवर सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, की ठीक आहे, पण याची सवय लावून घेऊ नका.

दुसऱ्या वेळी तिला कुणी विचारलं नाही. दुपारची झोपली होती. जाग आली ती अंग हलकं वाटल्यामुळे. डोकं स्वच्छ, श्वास खोल. एक क्षण तिला वाटलं, आजार हेच स्वप्न असावं. मग बाहेरून पातेल्यांचा आवाज आला. ऋतुजा सातवा महिना लागला म्हणून चार दिवस माहेरी आली होती आणि त्या दिवशी तिचं डोहाळेजेवण होतं. उदयने दारातून डोकं आत घातलं आणि हसत म्हणाला, “नुसती पडून राहिली असतीस तर तुलाच नंतर वाईट वाटलं असतं. म्हणून म्हटलं, तुला बरं वाटू दे.” तिने उठून तोंड धुतलं, साडी नेसली, ऋतुजाची ओटी भरली आणि चाळीस पानं वाढली. ऋतुजा तिच्या गळ्यात पडून रडली. वहिनी, तू माझ्यासाठी उठलीस, असं म्हणाली.

तिसरं माप धुणंभांडी करणारी बाई चार दिवस आली नाही म्हणून गेलं. असं कुणी कबूल केलं नाही. विजयाबाईंचे गुडघे सुजले होते, उदयला कंपनीत जादा काम होतं, ओवीची परीक्षा होती. कुणीतरी म्हणालं, की प्रणिता किती दिवस कोमेजल्यासारखी पडलीय, तिला जरा बरं वाटायला हवं. आणि तिला बरं वाटलं. तिने चार दिवस भांडी घासली.

पुढे पुढे तिचं तिलाच कळायला लागलं. सकाळी डोळे उघडले आणि धाप लागली, पाय जड वाटले, की ती निर्धास्त होई. म्हणजे आजचा दिवस तिचा. पण अंगात बळ आल्यासारखं वाटलं, की धास्ती वाटायची. कधी ते पिशवीने वेळापत्रकाप्रमाणे उघडलेलं माप असे आणि कधी नसे. ती पडल्या पडल्या कान देऊन ऐकत राही, की स्वयंपाकघरात आज काय निघालंय.

तिसऱ्या डोसाच्या वेळी ती रुग्णालयातल्या मदत-खिडकीपाशी गेली. उदय गाडी लावायला गेला होता. खिडकीतला तरुण अतिशय अदबीने बोलणारा होता. पालकाचा नंबर बदलून स्वतःचा द्यायचाय, असं तिने सांगितलं. त्याने संगणकावर काहीतरी दाबलं आणि म्हणाला, “झालं मॅडम. आधीच्या नंबरवर ओटीपी गेलाय, तेवढा सांगा.”

तिने सांगितलं, की तो नंबर यजमानांचा आहे.

“मग त्यांना विचारून सांगा ना. मी थांबतो.”

विचारायची वेळच आली नाही. तिच्या पर्समधला फोन वाजला. वाहनतळावरून उदय बोलत होता आणि त्याचा आवाज कापत होता. तो ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. “माझ्यावर विश्वास राहिला नाही का तुझा?” त्याने विचारलं. “मी सुट्ट्या टाकून तुला इथे आणतो, तुझ्या उलटीचं भांडं धुतो. कुणासाठी करतो मी?” मागे रांगेत सात-आठ माणसं उभी होती, सगळ्यांच्या हातात फायली. प्रणिता म्हणाली, की चुकून दाबलं गेलं असेल. खिडकीतल्या मुलाने मान हलवली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

डॉक्टर कादरींना ते कुठून तरी कळलं. त्यांनी दोघांना समोर बसवलं आणि उदयकडे बघून हिशोब सांगितला. या डोसाची धरून तीन डोसांना बारा आणि जादा तीन, म्हणजे पंधरा मापं गेली. उरली नऊ. अजून तीन डोसांना बारा लागणार. “बाहेरचं रक्त चढवू, असं मनात असेल तर विसरा,” त्या म्हणाल्या. ते खरंच होतं. या पिशव्या आल्यापासून रक्तदानाची शिबिरं ओस पडली होती. लोकांना वाटायचं, आता ज्याचं त्याचं रक्त ज्याच्या त्याच्याजवळ आहे. रक्तपेढीत उरल्यासुरल्या बाटल्या अपघात आणि बाळंतपणं यांच्यासाठी राखून ठेवत. उदय तिथेच रडला. त्याने वही काढून नऊ हा आकडा लिहिला, त्याच्याभोवती गोल काढला आणि शब्द दिला.

तो शब्द त्याने पाच आठवडे पाळला. चौथा डोस झाला, त्याची चार मापं नेमाप्रमाणे गेली. उरली पाच. मग भाद्रपद आला आणि महालक्ष्म्या आल्या.

मराठवाड्यात ज्या घरी महालक्ष्म्या बसतात तिथे काय असतं, हे तिकडच्या माणसाला सांगायला नको. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी तीन दिवस माहेरपणाला येतात. दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचा नैवेद्य, सोळा भाज्या, आंबील, पन्नास-साठ माणसांची पंगत. आणि सगळं सोवळ्यात, घरच्या सुनेच्या हातचं. उमरीकरांकडे चार पिढ्यांत यात खंड पडला नव्हता. प्रणिताने आधीच सुचवलं होतं, की या वर्षी स्वयंपाकाला बाई सांगू, देवीला काय कळत नाही का? पूजेच्या आदल्या दिवशी सकाळी विजयाबाईंनी ओलेत्याने स्वयंपाकघरात जाऊन एकटीने हरभऱ्याची डाळ शिजायला घातली. सुजलेले गुडघे घेऊन त्या पाटावर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. दर वेळी भिंतीला धरून, तोंड दाबून कण्हत. सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता.

उदय प्रणिताच्या खोलीत येऊन उभा राहिला. हातात फोन होता.

“नाही,” ती म्हणाली. “ती माझ्या औषधाची आहेत, उदय.”

“आईचं वय बघ. तिथे पडली-बिडली तर?”

“बाई सांगा.”

“आता ऐन वेळी कुठून सांगू? आणि सोवळ्याचं काय?” तो पलंगाच्या कडेवर बसला. “दोनच. नंतर मी कंपनीतून महिनाभर रजा घेतो. तुला पलंगावरून हलू देणार नाही. तुलाही प्रसन्न वाटेल गं, नुसती पडून पडून तुझं मन खचलंय.”

ती म्हणाली, “मी मेले तर पुढच्या वर्षी कोण करणार?”

हे तिने चेष्टेने म्हटलं नव्हतं, पण उदयला तसं वाटलं असावं. तो ओशाळवाणा हसला, तिच्या टकलावरून हात फिरवला आणि बाहेर गेला. थोड्या वेळाने तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

अंगातल्या ताकदीशी भांडता येत नाही. ती आली की पाय जमिनीवर ठेवावेसे वाटतात. प्रणिताने आंघोळ केली, ओली साडी नेसली आणि सासूला हाताला धरून उठवलं. त्या दोन दिवसांत तिने साडेपाच किलो पुरण वाटलं, सोळा भाज्या केल्या, पंचावन्न माणसं जेवू घातली. बायका हळदी-कुंकू लावून घेताना तिच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. एक म्हणाली, आजारी वाटतच नाहीस गं. दुसरीने पिशवीची चौकशी केली. तिच्या जावेला आतड्याचा कर्करोग निघाला होता आणि दिवाळी तोंडावर आली होती.

पाचव्या डोसाच्या दिवशी प्रणिताचं हिमोग्लोबिन सहा पूर्णांक नऊ निघालं. हिशोबात ते साडेआठच्या आसपास असायला हवं होतं. पंगतीत खर्ची पडलेल्या पेशी आठ दिवसांत मरून गेल्या होत्या आणि दमलेल्या मगजाला पाठचा आधार उरला नव्हता. पांढऱ्या पेशीही खाली गेल्या होत्या. डॉक्टर कादरींनी रागावण्याची तसदी घेतली नाही. त्या फक्त कामाचं बोलल्या. गाठीचे राहिलेले अंश निम्म्यावर आलेत, पण आहेत. आज थांबलो तर ते पसरतील. पांढऱ्या पेशी वर यायला तीन आठवडे द्यावेच लागतील, म्हणजे अठरा तारीख. त्या दिवशी सकाळी उरलेली तीनही मापं एकदम उघडायची आणि पाचवा डोस द्यायचा. “सहाव्याचं नंतर बघू. पण पाचवा चुकवायचा नाही. तीन मापं नसतील तर मला तो देता येणार नाही आणि दुसरं औषध माझ्याकडे नाही.”

घरी आल्यावर उदयने त्या नंबरचं सिम एका जुन्या फोनमध्ये घातलं आणि तो फोन आईच्या हातात दिला. विजयाबाईंनी तो देवघरात, महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांच्या डब्यामागे ठेवला. आता याला कुणी शिवायचं नाही, अठरा तारखेपर्यंत. त्यांनी कान पकडले, स्वतःच्या गालावर मारून घेतलं. त्यांचं दुःख खरं होतं. प्रणिताला त्याचा काही उपयोग नव्हता, पण ते खरं होतं.

ओवीला यातलं काही सांगितलं नाही. लेकरासमोर नको, असं पहिल्या दिवसापासून ठरलं होतं. तिच्यासमोर कर्करोग हा शब्द कुणी उच्चारत नसे. आईच्या पोटात एक पिशवी आहे, पिशवीत मापं आहेत, मापं दिली की आईला बरं वाटतं, एवढंच तिला माहीत होतं. वास्तविक प्रणिता मुलीला सगळं समजावून सांगणारी आई. पाणी उंच टाकीतून का सोडतात, नळाला आधी हवा का येते, हे तिने ओवीला चौथीतच शिकवलं होतं. पण याच्यापाशी ती थांबली होती. सांगायला सुरुवात केली तर कुठे थांबायचं, ते तिला समजेना.

ते दिवस वाईट गेले. ताटातला घास तोंडापर्यंत नेतानाही धाप लागे. ओवी शाळेतून आली, की पलंगाशी बसून आईच्या पांढऱ्या नखांवरून बोट फिरवत राही. एकदा तिने विचारलं, “बाबा आता मापं का देत नाहीत?”

“लागतील तेव्हा देतील.”

“आत्ता लागत नाहीत?”

प्रणिताने डोळे मिटून घेतले होते. ती म्हणाली, “आत्ता जरा पडू दे मला, बाळा.” ओवीने तिच्या पायांवर चादर सारखी केली. मग बराच वेळ ती तिथेच बसून होती.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी प्रणिता जागी झाली आणि तिला भूक लागली होती.

तिचा विश्वास बसेना. ती सावकाश उठून बसली. भोवळ आली नाही. नखं निरखून पाहिली. मुळाशी गुलाबी रंग चढला होता. सवयीने तिने कान दिला. घर शांत होतं. पाहुणे नव्हते, सण नव्हता, कामाची बाई वेळेवर आली होती. फोन देवघरात होता आणि या वेळी उदय शपथ मोडणार नाही, याची तिला खातरी होती. त्याचा चेहराच तसा झाला होता. मग हे काय? तिने डॉक्टर कादरींना फोन केला. त्या म्हणाल्या, कधी कधी मगज अचानक जागा होतो, तरुण रुग्णांत असं बघितलंय. पण घाई नको, दोन दिवस थांबून रक्त तपासा.

मंगळवारी ती ओवीबरोबर गच्चीवर गेली. जिन्यात फक्त एकदा थांबली. बुधवारी सकाळी तिने कित्येक महिन्यांनी ओवीची वेणी घातली. पोरगी इतकी स्थिर बसली होती की जणू हलली तर काही सांडेल. उदय चहाचा कप हातात धरून ते पाहत होता आणि चहा प्यायचं विसरला होता. विजयाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. प्रणिताने स्वतःला बजावलं होतं, की इतक्यात आनंद मानायचा नाही. तरी ती मनातल्या मनात पुढच्या उन्हाळ्याच्या पाण्याचं वेळापत्रक मांडायला लागली होती.

दुपारी प्रयोगशाळेतून आकडा आला: नऊ पूर्णांक आठ. डॉक्टर कादरींचा आवाज पहिल्यांदाच मोकळा वाटला. मगज असा चालू राहिला तर पाचव्याला कदाचित मापं लागणारच नाहीत, त्या म्हणाल्या. ती तीन सहाव्या डोसाला उपयोगी पडतील, सगळे डोस पुरे होतील. “तेवढा पिशवीतल्या शिलकीचा फोटो पाठवा. नोंदीला लागतो.”

उदयने देवघरातून फोन आणला, चालू केला, आणि तो तसाच उभा राहिला. प्रणिताने त्याच्या हातातून फोन घेतला. शिल्लक शून्य. त्याखाली तीन ओळी होत्या. सोमवार, मंगळवार, बुधवार. प्रत्येकीपुढे सकाळी सहा वाजून काही मिनिटं.

म्हणजे मगज जागा झालेला नव्हता. अंगात धावत होतं ते अठरा तारखेचं रक्त, आणि अठरा तारखेला अजून बारा दिवस होते.

“ओवीची शपथ,” उदय म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. “प्रणिता, ओवीची शपथ घेऊन सांगतो, मी हात लावला नाही.”

आणि या वेळी तो खरं बोलतोय, हे तिला दिसत होतं. सहाला तो दूध आणायला गेलेला असतो. विजयाबाई आंघोळीला गेलेल्या असतात. सहाला या घरात एकच माणूस शाळेच्या बससाठी उठून बसलेलं असतं आणि उदयच्या सगळ्या फोनांचं कुलूप त्याच माणसाच्या जन्मतारखेचं असतं.

तिने दाराकडे पाहिलं. ओवी उंबऱ्यात उभी होती, सकाळच्या दोन वेण्या तशाच. आपण दिलेली भेट आता उघडली जाणार आणि कुणी दिली ते विचारणार, म्हणून वाट बघत असतात तसा तिचा चेहरा फुलला होता. ती बोलण्यासाठी तोंड उघडत होती.

“मी घेतली,” प्रणिता म्हणाली.

उदयने वळून तिच्याकडे पाहिलं.

“मला सहन होत नव्हतं. सकाळी कुणी नसताना मीच उठून घेतली.”

“अगं, पण डोस,” तो म्हणाला. “डोस कसा देणार आता? डॉक्टर म्हणाल्या होत्या ना, त्याशिवाय...” तो खुर्चीत बसला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो रडत होता. आणि रडता रडता त्याचे खांदे हळूहळू खाली येत होते, इतके महिने डोक्यावर असलेलं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसे. प्रणिताला ते स्पष्ट दिसलं. महालक्ष्म्यांची दोन, धुण्याचं एक, डोहाळेजेवणाचं एक, सगळी या तीन मापांच्या मागे जाऊन लपत होती. विजयाबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, की आम्हाला एवढं बोलली आणि शेवटी स्वतःच घेऊन बसली. मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि पुण्याला ऋतुजाला कळवायला आतल्या खोलीत गेल्या.

“मी तुला दोष देत नाही,” उदय म्हणाला. “कुणालाही असह्य झालं असतं.”

ओवी आत आली होती. “पण आई,” ती म्हणाली, “तू नाही...”

प्रणिताने तिचा हात पकडला आणि घट्ट दाबला. ओवी गप्प झाली. ती हुशार पोरगी होती. तिने रडणाऱ्या बापाकडे पाहिलं. मेजावरच्या फोनमधल्या शून्याकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. आई तिच्याशी कधी खोटं बोलली नव्हती, आणि आत्ता बोलत होती. एवढ्या मोठ्या माणसांसमोर, तिच्यासाठी. आई खोटं कशासाठी बोलते, ते शोधत ती मागे मागे जात होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं, ते तसंच विसरून राहिलं होतं, आणि त्याच्यामागे डोळे बदलत चालले होते.

तिचा हात गार पडला. तिने तो सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. पण प्रणिताचा तळवा गरम होता, गुलाबी होता, कित्येक महिन्यांत नव्हती एवढी ताकद त्यात होती, आणि पोरीला तो सुटेना.